ढगाच्या आतला नळ

उल्हासदादा पार्कात गेला की झाडं बघत नसे. झाकणं बघत असे.

जर्मनीत, डार्मश्टाटच्या हेर्नगार्टन पार्कात आम्ही रविवारी फिरायला जायचो. लोक गवतावर लोळत असत. कुत्री पळत. कुणी बिअरची बाटली घेऊन नुसताच बसलेला असे. उल्हासदादा वाकून गवतातलं एखादं हिरवं झाकण शोधून काढी आणि बुटाच्या टोकाने त्यावर टकटक करी.

"याच्याखाली व्हॉल्व्ह आहे. चुकीच्या जागी बसवलाय. बघ, गेनाऊ, बरोबर इथेच पाणी साचलं."

"लोक झाडाखाली बसतात रे दादा. तू झाकणावर बस."

"झाकण नसेल तर झाड पण नाही."

हे त्याचं नेहमीचं उत्तर. मी साहित्य शिकून आलेली. मला तेव्हा ते वाक्य फार आवडलं होतं.

उल्हास शिगवण. देवरुखजवळच्या एका वाडीतला. रत्नागिरीला डिप्लोमा, सांगलीला डिग्री, मग डार्मश्टाटला मास्टर्स. पुढे तिथल्याच एका लहान ऑफिसात नोकरी. बागांचं, पार्कांचं पाणी आखायचं काम. कुठून घ्यायचं, कुठे साठवायचं, कुठल्या झाडाला किती द्यायचं. मी त्याला भेटले तेव्हा तो बत्तीसचा होता, मी तेवीसची. पत्ता नोंदवायला रांगेत उभी होते. त्याने मागून माझ्या फॉर्मकडे बघितलं आणि मराठीत म्हणाला, "घरमालकाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलंय. अभिनंदन."

डार्मश्टाटला आलेल्या प्रत्येक मराठी पोराला तो असाच भेटलेला होता. स्टेशनवर घ्यायला जाई. जुन्या गाद्या जिने चढवून देई. घरमालक डिपॉझिट परत देईना तर पत्र लिहून देई. कुणी आभार मानले तर म्हणे, "जा जा, पुढच्याला कर." हे मी आधीच लिहून ठेवते. कारण तो वाईट माणूस नाही, आणि हेच मला पेलत नाही.

त्याची आई तो कॉलेजात असताना गेली. वडील, यशवंतकाका, तो त्यांना अण्णा म्हणे, चोवीस वर्षं आखातात. पाइप फिटर. वर्षाआड एक महिना गावी. त्या चोवीस वर्षांत उल्हासदादाने वडिलांना सगळी मिळून दोन वर्षंही बघितलं नसेल. दर शुक्रवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, तो फोनकार्ड खरवडून नंबर लावी. बोलणं ठरलेलं. जेवलात का, गरमी किती, गुडघा कसा.

मग २००४ मध्ये त्याच्या ऑफिसला एका पार्कचं काम मिळालं. काका राहायचे त्याच वाळवंटी शहरात. मोठा सार्वजनिक पार्क. तळं, कारंजी, हिरवळ, हजारो खजुराची झाडं. त्याने काकांना फोनवर सांगितलं. काकांनी फोरमनच्या मागे लागून त्या साइटवर बदली मागून घेतली.

मी आले तेव्हा तो हे सगळ्यांना सांगायचा. म्हणजे आम्हा मराठी मंडळींना.

"ड्रॉइंग माझं, खड्डा अण्णांचा. मी इथे रेघ मारतो, तिथे अण्णा पाइप टाकतात."

"ऑफिसात सांगितलंस?"

"कशाला? प्रायव्हेट गोष्ट आहे."

काकांनी तिथे दोन वर्षं पाइप टाकले. पाणी सोडायच्या दोन महिने आधी त्यांच्या टोळीला दुसऱ्या साइटवर हलवलं. पार्क उघडला. काकांनी तो चालू झालेला पाहिलाच नाही. त्यांची सुट्टी शुक्रवारी आणि शुक्रवारी पार्क फक्त फॅमिलीसाठी.

"फॅमिली म्हणजे?" मी विचारलं.

"बरोबर बाई हवी. नुसते पुरुष आले, लेबर वगैरे, तर सोडत नाहीत. तिथे नॉर्मल आहे ते."

"आणि तू असलं गेट काढलंस?"

"मी पाणी काढतो. गेट आर्किटेक्ट काढतो."

२००७ च्या ऑक्टोबरात काका साठ पूर्ण करणार होते. मग व्हिसा संपणार. उल्हासदादाने त्याआधीच मोठं घर घेतलं. अंगणाकडची लहान खोली अण्णांची. तिथे पलंग आला. गुडघ्यासाठी उंच खुर्ची आली. परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन त्याने फेरप्फ्लिश्टुंग्सएरक्लेरुंग करून आणलं. पाहुण्याचा सगळा भार माझ्यावर, असं लिहून द्यायचा तो कागद. ते नाव त्याने मला तीनदा म्हणायला लावलं. कागद प्लास्टिकच्या खोळीत घालून फायलीत लावला. पाठीवर लिहिलं, अण्णा.

काका मात्र हो म्हणत नव्हते.

"अण्णा, येणार ना?"

"आधी पाणी बघू दे रे. चालू असताना. एकदा."

दर शुक्रवारी हेच. शेवटी जूनमध्ये तो माझ्याकडे आला.

"तू ऑगस्टमध्ये पुण्याला चाललीयेस ना? वाटेत दोन दिवस थांब. विमान कंपनी व्हिसा काढून देते. तू बरोबर असलीस की आम्ही फॅमिली."

"मी कोण लागते तुमची?"

"बहीण."

"दिसते का तुझ्यासारखी?"

"नाही. नशीबवान आहेस."

मी हो म्हटलं. त्याच्या उपकारांची फेड म्हणून नाही. मला ते चांगलं वाटलं. एका म्हाताऱ्या माणसाला त्याने पुरलेल्या नळांतून पाणी वाहताना बघायचं आहे. यात वाईट काय असणार?

ऑगस्टचा शेवटचा शुक्रवार. दुपारचे चार. पार्कपाशी उल्हासदादाबरोबर टॅक्सीतून उतरले आणि चष्म्यावर वाफ धरली. काही दिसेना. पुसून घातला तर समोर एक बारीक माणूस उभा. पांढरा फुलशर्ट, गळ्यापर्यंत बटणं, केस तेल लावून बसवलेले. हातात खजुराचा डबा.

"ही ती सुमेधा का?" त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "बारीक आहेस गो. तिथे जेवायला मिळत नाही की हा देत नाही?"

"देतो काका. खिचडी देतो."

"म्हणजे देत नाही."

उल्हासदादा हसला. त्याचं ते हसणं मी डार्मश्टाटला कधी पाहिलं नव्हतं. लहान मुलासारखं, मान खाली घालून.

गेटवर पहारेकरी होता. त्याने तिघांकडे बघितलं.

"फॅमिली?"

"हां. फादर. सिस्टर."

त्याने त्या दोघांकडे पुन्हा बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं आणि दांडी वर केली. बापलेक माझ्या मागून आत आले.

आत हिरवळ. डोळ्यांना खोटी वाटेल इतकी हिरवी. बायका चटया पसरून बसल्या होत्या. मुलांची आगगाडी शिट्टी वाजवत फिरत होती. तळ्याच्या मधोमध कारंजं. काकांनी कारंज्याकडे फार लक्ष दिलं नाही. ते जमिनीकडे बघत चालत होते. बापाची आणि मुलाची चाल एकच होती. दोघंही झाकणं शोधत होते.

"इथे खडक लागला होता. चार दिवस गेले."

"माहितीये. तुमच्या लोकांनी मला मेल केला होता. मी लाइन डावीकडे घेतली."

"तू घेतलीस होय? आम्ही शिव्या घालत होतो जर्मनांना."

"मला घातल्यात तर."

"तुलाच."

एका चौकोनी हिरवळीपाशी उल्हासदादा थांबला. घड्याळ बघितलं. पाण्याच्या खोलीतल्या माणसाशी त्याने आधीच बोलून ठेवलं होतं. या वेळी फवारे सोडत नाहीत. आमच्यासाठी दहा मिनिटं सोडणार होते.

साडेचारला जमिनीतून टक् टक् आवाज आला. हिरवळीतून काळी टोपणं वर आली. आधी खाकरल्यासारखी हवा. मग पाणी. एका वेळी चाळीस फवारे. पाणी फिरत होतं, एकमेकांना छेदत होतं, आणि मधली एकही जागा कोरडी राहत नव्हती.

काकांनी चपला काढल्या. ओल्या गवतात जाऊन उभे राहिले. पँट भिजली. ते कितीतरी वेळ तसेच उभे होते. मग म्हणाले, "सारखं पडतंय. सगळीकडे सारखं."

"मग!" उल्हासदादा म्हणाला. "अण्णा, आता तरी येणार ना?"

"येतो की. न येऊन करतो काय?"

"सुमेधा, ऐकलंस ना? साक्षीदार आहेस तू."

"ऐकलं."

त्याने खिशातून रुमाल काढून काकांचे पाय पुसले. काका म्हणत होते, अरे काय करतोस, लोक बघतायत. त्याने पुसले. हे मी पाहिलं आहे.

पाच वाजता माळ्यांची पाळी सुटली. निळे कपडे घातलेली वीसेक माणसं नळ्या गुंडाळून मागच्या गेटकडे चालली. काकांना ओळखून दोघे-तिघे हसले. त्यांच्याच लेबर कॅम्पवर राहणारी माणसं. सगळ्यात पुढे रमेश होता, नांदेडकडचा.

"काय काका, आज साहेब होऊन आलात?"

"सुनेला नाही, मुलीला घेऊन आलो. फुकटची मिळाली."

पाळी सुटली की त्यांना आत थांबता येत नव्हतं. ती माणसं मागच्या गेटने बाहेर पडली आणि कुंपणाला लागून रस्त्यावर उभी राहिली. कंपनीची बस साडेपाचला यायची, कधी सहाला. तिथे सावली नव्हती. बाकडं नव्हतं. मी एकाला कुंपणाच्या बारीक खांबाच्या सावलीत उभं राहायचा प्रयत्न करताना बघितलं. खांब चार बोटांचा होता.

रमेशने जाळीतून रिकामी बाटली दाखवली. काका आतल्या पिण्याच्या नळावर गेले, बाटली भरली, वर हात करून जाळीवरून दिली. मग दुसरी. तिसऱ्याला शिट्टी वाजली. पहारेकरी लांबून हात हलवत होता. कुंपणावरून काही द्यायचं नाही.

"अण्णा, सोडा ना," उल्हासदादा म्हणाला. "प्रॉब्लेम होईल."

"कशाचा? पाण्याचा?"

"इथे पाणी दिलं की लोक इथेच थांबतात. गर्दी होते. त्यांना ते नको असतं."

"बस येईपर्यंत थांबणारच ना रे. जातील कुठे?"

काका जाळीपाशी गेले. पलीकडच्या फरशीकडे बोट केलं आणि माझ्याकडे वळले. त्याच्याकडे नाही.

"पोरी, तुला ड्रॉइंग कळतं?"

"नाही काका."

"ड्रॉइंगमध्ये काही बदललं तर त्याच्याभोवती ढग काढतात. असा, पोरं काढतात तसा. म्हणजे फिटरची नजर आधी तिथे जावी. ढगाच्या आत बघायचं, काय आलं, काय गेलं."

"अण्णा," उल्हासदादा म्हणाला.

"त्या तिथे नळ होता. पिण्याचा. वर पत्र्याची सावली. पहिल्या ड्रॉइंगमध्ये होता. मी लाइन टाकली, फाटा काढायला टी बसवला. वर नळ चढवायचा तेवढा बाकी. मग नवीन शीट आलं. ढग होता. ढगाच्या आत काही नव्हतं."

त्यांनी घाम पुसला.

"खाली कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव असतं. शिगवण. पहिल्या दिवसापासून मी ते नाव सगळ्यांना दाखवायचो. फोरमनला, रमेशला. माझा मुलगा म्हणायचो. तेव्हा हेही शीट सगळ्यांनी बघितलं. टीला बूच मीच मारलं. वर फरशी घातली."

जाळीपलीकडे रमेश बाटली धरून उभा होता. तो मराठी होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. त्याने दुसरीकडे बघितलं.

"तुला फोनवर विचारलं होतं मी," काका आता त्याला म्हणाले. "गेटबाहेरचा नळ चुकून राहिला का रे? तू म्हणालास, ते क्लायंटचं आहे अण्णा. मी म्हटलं, असेल. त्यांचं राज्य आहे. तुझ्या हातात काय?"

तिथे तो गप्प राहिला असता तर. नुसतं "हो" म्हणाला असता तर. पण उल्हासदादा खोटं बोलत नाही. आणि एक इंजिनियर फिटरला सांगतोय, त्याला समजेल, असं त्याला वाटलं असावं.

"क्लायंटने नळ काढा म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "गेटपाशी गर्दी नको, एवढंच होतं कमेंटमध्ये. बस स्टॉप पुढे हलवला असता तरी चाललं असतं. पण त्याला तीन शीट बदलावी लागली असती. शुक्रवारची दुपार होती. सोमवारी पाठवायचं होतं. नळ काढायला एक ढग पुरत होता."

हे तो अगदी सरळ बोलला. मला समजावताना बोलतो तसं.

काकांनी मान हलवली. एकदा, दोनदा.

"म्हणजे तू काढलास."

"अण्णा, एक नळ होता तो. अख्ख्या पार्कात मी तेहतीस दिलेत."

"आत."

मग ते विष्णूबद्दल बोलले. विष्णू काकांच्या खोलीतला, करीमनगरचा, इथे माळीकाम करणारा. जुलैच्या सुरुवातीला पाळी सुटल्यावर इथेच फरशीवर पडला. बस उशिरा आली होती. डोक्यात ऊन गेलं. एक बाजू लुळी पडली. काकांनी त्याची पेटी बांधली आणि दोघांनी धरून त्याला विमानात बसवलं.

"नळ असता तर पडला नसता असं मी म्हणत नाही," काका म्हणाले. "मी काही डॉक्टर नाही. पण त्या दिवशी रात्री खोलीवर कुणीच माझ्याशी बोललं नाही. मला वाटलं, यांची चूक आहे. माझ्या पोराच्या हातात काही नव्हतं, यांना कळत कसं नाही? दोन महिने मी त्यांच्यावर रागावून होतो."

त्यांनी चपला घातल्या. मागच्या गेटपाशी गेले. पहारेकऱ्याने सांगितलं, इथून बाहेर गेलात तर परत आत नाही. काका म्हणाले, "ठीक है." बाहेर जाऊन रमेशच्या शेजारी उभे राहिले. रमेशने त्यांना बाटली दिली. त्यांनी दोन घोट घेतले आणि पुढच्याला दिली.

आमच्यापासून दहा पावलं असतील. मध्ये गेट. मी उल्हासदादाकडे बघितलं. तो जाईल असं मला वाटलं.

"जा ना," मी म्हटलं.

"या गेटने व्हिजिटरला अलाउड नाही," तो म्हणाला.

"काका गेले ना आत्ता!"

"मेन गेटने फिरून जाऊ."

मेन गेट एक किलोमीटरवर होतं. आम्ही चालत गेलो. तो भराभर चालत होता. मी मागे पळत होते. हिरवळीतून सरळ गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. तो वाटेवरूनच चालला. आम्ही कुंपणाला वळसा घालून मागे पोचलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. बस निघून गेली होती. फरशी कोरडी होती. तो तिथे उभा राहून खाली बघत होता. मीही आतच उभी राहिले होते. मला तर कुणी अडवलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो कॅम्पवर गेला. काका कामावर गेले होते.

ऑक्टोबरात काका गावी गेले. डार्मश्टाटला तो कागद अजून फायलीत होता. त्याची मुदत नोव्हेंबरअखेर संपणार होती. उल्हासदादा दर शुक्रवारी फोन लावी. फोन शैलाआत्या उचलत, काकांची धाकटी बहीण.

"अण्णा रानात गेलेत रे."

"आत्ता? पाऊस असेल तिथे."

"हो ना. ऐकत नाहीत."

एकदा अण्णा देवळात होते. एकदा झोपले होते, सकाळी दहाला. एकदा आत्याने रिसीव्हरवर हात ठेवला तो त्याला कळला. त्याने मला हे सगळं क्रमाने सांगितलं. कुठल्या शुक्रवारी काय.

तो त्या पार्कबद्दल एकदाच बोलला. आम्ही स्वयंपाकघरात होतो. म्हणाला, "सुमेधा, लॉजिकली बघ. गर्दी कमी करायची होती. झाली. सोल्यूशन बरोबर होतं." मग माझ्याकडे बघत राहिला. मी हो म्हणावं अशी वाट बघत होता. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मी भांडी धुतली.

नोव्हेंबरच्या चौथ्या शुक्रवारी त्याने मला अण्णांसाठीच्या खोलीत बोलावलं.

"तू लाव. तुझ्याशी बोलतील. फक्त एवढंच विचार, येणार का. नाही म्हणाले तरी चालेल. मला दे मग."

त्याने आकडे दाबले आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. आत्यांनी उचलला. मी नाव सांगितलं. चपलांचा आवाज आला.

"कोण, सुमेधा? काय गो, बरी आहेस? थंडी पडली का तिथे?"

"पडली काका. गुडघा कसा आहे?"

"चढ चढताना दुखतो. लग्नबिग्न ठरलं का तुझं?"

"नाही हो."

"घाई करू नको. शीक अजून." ते हसले. मग वाडीतल्या विहिरीबद्दल बोलले. पंप बसवतायत. लोक त्यांनाच विचारायला येतात. विष्णूचं पत्र आलंय, दुसऱ्या कुणाच्या हातचं. हळूहळू चालतो म्हणे. त्यांचा आवाज चांगला होता. पोटभर जेवलेल्या माणसासारखा.

उल्हासदादा माझ्यासमोर उभा होता. हात पुढे केलेला.

"काका, तुम्ही इकडे येणार का?"

ते म्हणाले, "नाही, पोरी."

"उल्हासदादा इथेच आहे. देऊ का त्याला?"

मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती.

"नको," काका म्हणाले. "तू फोन केलास, बरं वाटलं. ठेवतो हां."

आणि त्यांनी ठेवला.

मी रिसीव्हर कानालाच धरून राहिले. उल्हासदादाने तो माझ्या हातातून काढून घेतला. बंद फोनचा लांब आवाज त्या लहान खोलीत मला स्पष्ट ऐकू येत होता. त्यालाही येतच असणार. त्याने रिसीव्हर कानाला लावला.

"अण्णा," तो म्हणाला, "जेवलात का?"